मॉडेलिंग स्पर्धांचे दूरचित्रवाणी कार्यक्रम आणि स्त्रियांची शरीरप्रतिमा : एक ऐतिहासिक आढावा

१. प्रास्ताविक

'अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल' या कार्यक्रमाच्या बहुतेक भागांचा शेवट एकाच पद्धतीने होत असे. स्पर्धक मुली ओळीने उभ्या असत. समोर सूत्रसंचालिका आणि तिच्या हातात मुलींचे फोटो. एकेकीचे नाव पुकारले जाई, ती पुढे येऊन आपला फोटो घेई आणि सुटकेचा श्वास सोडून बाजूला जाई. शेवटी मुली दोन उरत आणि फोटो एकच. ज्या मुलीचा फोटो हातात नसे, ती त्याच रात्री सामान आवरून घरी जाई.

हा प्रसंग टीव्हीवर पाहणाऱ्या मुलींनी त्यातून काय शिकले असेल, हा या पाठाचा प्रश्न आहे. 'बारीक असणे म्हणजे सुंदर असणे' एवढेच त्या शिकल्या, असे उत्तर चटकन सुचते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. बारीकपणाचा आदर्श या कार्यक्रमांच्या बराच आधीपासून होता. या कार्यक्रमांनी जे नवे केले ते असे, की परीक्षक कसे पाहतो हे त्यांनी घरोघरी शिकवले. कोणाला मंचावर उभे राहू द्यायचे, याचे नियम गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ सैल झाले. परीक्षकाची खुर्ची मात्र तिथेच राहिली. उलट टीव्हीने प्रेक्षकालाही त्या खुर्चीत बसवले. हा या पाठाचा मुख्य मुद्दा आहे.

एक संज्ञा आधी स्पष्ट करून घेऊ. 'शरीरप्रतिमा' म्हणजे आपले शरीर प्रत्यक्षात कसे आहे ते नव्हे. आपल्या शरीराविषयी आपल्या मनात असलेले चित्र, त्याविषयीच्या भावना आणि त्यामुळे होणारे वर्तन या सर्वांना मिळून शरीरप्रतिमा म्हणतात. वजन आणि उंची तीच राहूनही शरीरप्रतिमा बदलू शकते, म्हणूनच तिचा इतिहास लिहिता येतो.

२. पूर्वपीठिका : सौंदर्यस्पर्धा आणि त्यांना झालेला विरोध

सौंदर्यस्पर्धांचा जन्म बाजारात झाला. अमेरिकेतील अटलांटिक सिटी हे समुद्रकिनाऱ्यावरचे पर्यटनस्थळ. सप्टेंबर लागला की पर्यटक परतत आणि हॉटेले ओस पडत. हंगाम आणखी काही दिवस लांबावा म्हणून तेथील व्यापाऱ्यांनी १९२१ मध्ये सुंदर मुलींची स्पर्धा भरवली. तीच पुढे 'मिस अमेरिका' झाली. 'मिस वर्ल्ड'ची कथा फार वेगळी नाही. १९५१ मध्ये लंडनमध्ये 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'च्या निमित्ताने एरिक मॉर्ले यांनी बिकिनी घातलेल्या मुलींची स्पर्धा आयोजित केली आणि ती दरवर्षीची झाली.

भारतीय स्त्रियाही या मंचावर लवकर पोहोचल्या. नृत्यांगना इंद्राणी रहमान १९५२ मध्ये मिस युनिव्हर्स स्पर्धेत उतरल्या. १९६४ पासून 'फेमिना' मासिकाने मिस इंडिया स्पर्धा भरवायला सुरुवात केली. १९६६ मध्ये रीटा फारिया मिस वर्ल्ड झाल्या. मूळच्या गोव्याच्या कुटुंबातील रीटा तेव्हा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकत होत्या. किताबानंतर त्या मॉडेलिंगमध्ये रमल्या नाहीत. त्यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि डॉक्टर म्हणून आयुष्य घालवले. किताब हा त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग होता. ही नोंद लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होईल.

७ सप्टेंबर १९६८ हा या इतिहासातील महत्त्वाचा दिवस. त्या दिवशी अटलांटिक सिटीत दोन घटना घडल्या. मिस अमेरिका स्पर्धेच्या सभागृहाबाहेर स्त्रीमुक्तीवादी कार्यकर्त्यांनी निदर्शने केली. त्यांनी एका मेंढीला मुकुट घातला, कारण जत्रेत जनावरे पारखतात तशाच इथे मुली पारखल्या जातात, असे त्यांचे म्हणणे होते. कंबरपट्टे, ब्रेसिअर, खोट्या पापण्या अशा वस्तू त्यांनी एका कचराकुंडीत टाकल्या. 'त्यांनी ब्रेसिअर जाळल्या' ही दंतकथा इथूनच निघाली. प्रत्यक्षात तेथे काहीही जाळले गेले नव्हते.

त्याच रात्री, त्याच शहरात, पहिली 'मिस ब्लॅक अमेरिका' स्पर्धा झाली. तोवर मिस अमेरिकाच्या अंतिम मंचावर एकही कृष्णवर्णीय स्पर्धक उभी राहिलेली नव्हती. तो बहिष्कार दाखवून देण्यासाठी ही वेगळी स्पर्धा होती.

या दोन विरोधांमधला फरक नीट पाहा. पहिल्या गटाचे म्हणणे होते, 'अशी पारख नकोच.' दुसऱ्या गटाचे म्हणणे होते, 'पारखच करायची तर आम्हालाही त्या मंचावर जागा हवी.' दोन्ही मागण्या न्यायाच्याच होत्या. पण बाजाराला पहिली परवडणारी नव्हती. दुसरी मात्र सामावून घेता येण्यासारखी होती, आणि पुढच्या पन्नास वर्षांत तीच हळूहळू सामावून घेतली गेली.

३. वार्षिक सोहळ्याकडून साप्ताहिक मालिकेकडे

सौंदर्यस्पर्धा वर्षातून एकदा होते आणि प्रेक्षकाला फक्त निकाल दिसतो. मुलीने तिथवर पोहोचताना काय केले, परीक्षक एकमेकांशी काय बोलले, हे पडद्याआड राहते. २००० च्या सुमारास रिॲलिटी शो नावाचा प्रकार जगभर पसरला. त्यात मोठे नट नकोत, रचलेली कथा नको. सामान्य माणसांना एका घरात ठेवायचे, त्यांच्यात स्पर्धा लावायची आणि दर आठवड्याला एकाला बाद करायचे. तुलनेने स्वस्तात तयार होणाऱ्या या साच्यात मॉडेलिंग चपखल बसले.

२० मे २००३ रोजी 'अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल' सुरू झाला. त्याच्या कर्त्या आणि सूत्रसंचालिका होत्या टायरा बँक्स. त्या स्वतः नामवंत मॉडेल. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या स्विमसूट अंकाच्या मुखपृष्ठावर १९९७ मध्ये एकट्या झळकलेल्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी स्त्री. गोऱ्या आणि अतिकृश मुलींनाच जागा देणाऱ्या व्यवसायाचे दार रुंद करायचे, ही त्यांची जाहीर भूमिका होती. १९६८ च्या दुसऱ्या गटाची मागणी जणू त्यांच्या रूपाने टीव्हीवर आली होती.

दार खरोखर रुंद झाले. पहिल्या हंगामापासून कृष्णवर्णीय स्पर्धक दिसल्या. २००८ मध्ये 'प्लस साइझ' म्हटली गेलेली स्पर्धक प्रथमच विजेती ठरली. २००९ मध्ये एक हंगाम कमी उंचीच्या मुलींसाठी झाला. २०१८ पर्यंत चोवीस हंगाम झाले. ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या. २०१५ मध्ये एमटीव्हीवर 'इंडियाज नेक्स्ट टॉप मॉडेल' आला.

मग तक्रार कशाची? त्यासाठी कार्यक्रमाची घडण तपासावी लागते.

४. कार्यक्रमाची घडण

या कार्यक्रमांत चार क्रिया पुन्हा पुन्हा होतात : मोजणे, बदलणे, निवाडा देणे आणि बाद करणे.

मोजणे. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे मोजमाप हा माझा रोजचा विषय. माप घेण्याआधी ते कशासाठी घेतो आहोत हे ठरवा, असे आम्ही पहिल्याच तासाला सांगतो. शरीराच्या बाबतीत हा नियम सर्रास मोडला जातो. बॉडी मास इंडेक्सचे उदाहरण घ्या. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा येतो. हे सूत्र बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ ॲडॉल्फ केटेले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले. संपूर्ण लोकसंख्येतील सरासरी माणूस कसा असतो, हे त्यांना शोधायचे होते. त्याला आजचे नाव मिळाले १९७२ मध्ये. आज १८.५ च्या खालचा निर्देशांक कमी वजनाचा मानला जातो. आता १७५ सेंटिमीटर उंचीची आणि ५० किलो वजनाची मुलगी घ्या. तिचा निर्देशांक येतो सुमारे १६.३. आरोग्याच्या मापाने ती धोक्याच्या खूपच खाली आहे. रॅम्पच्या मापाने ती वर्षानुवर्षे 'योग्य' ठरत आली. आकडा तोच, पण एक माप आरोग्यासाठी घेतलेले आणि दुसरे कपडा कसा लोंबतो हे पाहण्यासाठी. कार्यक्रम पाहणाऱ्या मुलीला हा फरक कोणी सांगत नाही.

बदलणे. प्रत्येक हंगामात कायापालटाचा एक भाग असे. केस कापले जात, रंगवले जात. अनेक मुली आरशासमोर रडत. २००६ च्या एका हंगामात एका कृष्णवर्णीय स्पर्धकाला पुढच्या दातांमधली फट बुजवून घेण्यासाठी दबाव आणला गेला. २०१० मध्ये त्याच कार्यक्रमात दुसऱ्या एका गोऱ्या मुलीच्या दातांमधली फट मुद्दाम वाढवण्यात आली, कारण तोवर फटीची फॅशन आली होती. चार वर्षांत दोष गुण झाला. बदलली नाही ती एकच गोष्ट : मुलीचे दात कसे असावेत हे ठरवण्याचा अधिकार मुलीकडे नव्हता. मे २०२० मध्ये हे जुने प्रसंग समाजमाध्यमांवर पुन्हा फिरू लागले, तेव्हा टायरा बँक्स यांनी त्यातल्या काही निवडी चुकीच्या होत्या, हे जाहीरपणे मान्य केले.

निवाडा देणे. परीक्षक टेबलामागे बसून एकेका फोटोची चिरफाड करत. डोळे मेलेले, हनुवटी वर, कंबर जाड. हे सारे मुलीच्या तोंडावर. घरी बसलेला प्रेक्षकही दोन-चार भागांत ही भाषा आत्मसात करी आणि परीक्षकाच्या आधी आपला निकाल देऊ लागे. क्रिकेट पाहता पाहता आपण फलंदाजाच्या चुका काढायला शिकतो, तसेच हे. फरक एवढाच, की सामना संपल्यावर बॅट आपल्या हातात नसते. आपले शरीर मात्र आपल्यापाशीच असते आणि आरसा घरातच असतो.

'प्लस साइझ' या शब्दाकडेही याच दृष्टीने पाहा. ज्या मुलींना हे नाव दिले जाई, त्यांतील अनेकजणी सरासरी अमेरिकी स्त्रीपेक्षा जाड नव्हत्या. त्यांना मंचावर जागा मिळाली, पण गळ्यात पाटी अडकवून. प्रेक्षक मुलीने घरी बसून हिशेब केला तर तिला कळे, की आपण 'प्लस'च्याही पलीकडे आहोत.

बाद करणे. दर आठवड्याला कोणीतरी जायलाच हवी, हा खेळाचा नियम. सगळ्या मुली चांगल्या ठरल्या तरी एकीत खोट काढावीच लागते. म्हणजे दोष सापडतात म्हणून मुलगी बाद होत नाही. कोणाला तरी बाद करायचे असते म्हणून दोष शोधले जातात.

५. परिणामांचा पुरावा काय सांगतो?

इथे सावध राहायला हवे. 'टीव्हीमुळे मुली आजारी पडतात' असे सरसकट विधान करता येत नाही. उपलब्ध पुरावा तीन बाजूंनी पाहू.

पहिला पुरावा फिजीचा. तेथील पारंपरिक समाजात धष्टपुष्ट शरीराला मान होता. कोणी बारीक होऊ लागले तर घरचे काळजी करत. नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ ॲन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयीच्या बिघडलेल्या दृष्टिकोनाची लक्षणे दाखवणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या मुली १९९५ मध्ये एकही नव्हत्या. १९९८ मध्ये त्या ११.३ टक्के होत्या. या मुली मॉडेलिंग स्पर्धा पाहत नव्हत्या, परदेशी मालिका पाहत होत्या. पण मुलाखतींत त्यांनी जे सांगितले ते आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे. बारीक शरीराचा संबंध त्या नोकरी आणि नव्या जगातील यशाशी लावत होत्या. या अभ्यासाच्या मर्यादाही आहेत. मुलींची संख्या दोन्ही वेळी साठ-पासष्टच होती आणि टीव्हीबरोबर तिथे इतरही बदल होत होते.

दुसरा पुरावा प्रयोगांचा. लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला : स्वतःचे मोल ठरवायला वस्तुनिष्ठ माप नसते, तेव्हा माणूस दुसऱ्याशी तुलना करतो. या आधारे पुढे अनेक प्रयोग झाले. त्यांतील २५ अभ्यासांचे २००२ मध्ये एकत्र विश्लेषण झाले. कृश मॉडेलची छायाचित्रे पाहिल्यावर स्त्रियांचे स्वतःच्या शरीराविषयीचे समाधान कमी होते, असे त्यात आढळले. हा परिणाम १९ वर्षांखालील मुलींमध्ये अधिक होता. परिणाम किती मोठा आणि किती टिकाऊ, याविषयी संशोधकांत आजही मतभेद आहेत.

तिसरा पुरावा विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विशेष लागू पडणारा. १९९८ मध्ये बार्बरा फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन मुलामुलींना कपडे बदलण्याच्या खोलीत एकटे, आरशासमोर, एकतर स्विमसूट किंवा स्वेटर घालायला सांगितले आणि तेवढ्यात गणिताची एक चाचणी सोडवायला दिली. स्विमसूट घातलेल्या मुलींना स्वेटर घातलेल्या मुलींपेक्षा कमी गुण मिळाले. मुलांच्या गुणांत असा फरक पडला नाही. खोलीत दुसरे कोणीही नव्हते. संशोधकांचे स्पष्टीकरण असे, की स्वतःला बाहेरून पाहत राहण्यात मनाचा काही भाग गुंतून पडतो आणि तेवढी बुद्धी कामाला कमी उरते. एका प्रयोगावर सिद्धान्ताचा इमला उभारू नये. पण परीक्षक समोर नसतानाही परीक्षकाचा डोळा काम करत राहतो, हे समजायला तो उपयोगी आहे.

६. भारतातील संदर्भ

भारतात हा डोळा टीव्हीने आणला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मराठी घरांत 'मुलगी पाहण्याचा कार्यक्रम' असतो. तुमच्या राज्यात त्याला दुसरे नाव असेल. मुलीने पोह्यांच्या बशा घेऊन यायचे, पाटावर किंवा खुर्चीवर बसायचे, विचारले तर चार पावले चालून दाखवायचे. उंची, रंग, चष्मा, केस यांची चर्चा तिच्यासमोर किंवा ती आत गेल्यावर. 'गोरी, सडपातळ' हे शब्द विवाहविषयक जाहिरातींत कित्येक दशके छापले जात आहेत. 'फेअर अँड लव्हली' ही क्रीम १९७५ पासून भारतीय बाजारात होती. तिच्या नावातला 'फेअर' हा शब्द गेला तो २०२० मध्ये. जमीन आधीच नांगरलेली होती.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर उपग्रह वाहिन्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्या एकाच वेळी घरात शिरल्या. १९९४ मध्ये सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स आणि ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाल्या. २००० मध्ये लारा दत्ता आणि प्रियांका चोप्रा यांनी हेच दोन किताब पुन्हा एकाच वर्षी आणले. रीटा फारिया यांच्या काळाशी तुलना करा. १९६६ मध्ये किताबानंतर परत जायला वैद्यकीय महाविद्यालय होते. १९९४ नंतर किताब हीच एका कारकिर्दीची सुरुवात झाली : जाहिरात, चित्रपट, देशाचे प्रतिनिधित्व. प्रियांका चोप्रा बरेलीहून आल्या होत्या. लहान शहरांतील मुलींसाठी हा एक खरा मार्ग उघडला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या मार्गाच्या तोंडाशी शरीराचे माप होते.

२३ नोव्हेंबर १९९६ रोजी बंगळूरमध्ये मिस वर्ल्ड स्पर्धा झाली तेव्हा प्रचंड विरोध झाला. स्त्री संघटनांचा आक्षेप बाजारावर होता, तर काही गटांचा 'संस्कृती'च्या नावाने. मदुराईत एका तरुणाने स्वतःला जाळून घेतले. स्विमसूटची फेरी सेशेल्सला हलवण्यात आली. 'मुलींनी अंग किती झाकावे' या वादात 'मुलींना कोण आणि का पारखतो' हा प्रश्न मागे पडला. अंग झाकायला लावणारा आणि अंग मोजणारा, दोघेही बाईच्या शरीराचा निवाडा आपल्याकडेच ठेवतात, ही गोष्ट त्या गदारोळात फार थोड्यांनी मांडली.

७. कायदे, आणि कायद्यांच्या पलीकडे

२००६ मध्ये दक्षिण अमेरिकेतील दोन तरुण मॉडेल अन्नत्यागाशी निगडित कारणांनी दगावल्या. त्याच वर्षी माद्रिदच्या फॅशन सप्ताहात १८ पेक्षा कमी निर्देशांक असलेल्या मॉडेलना मनाई झाली. इस्रायलने २०१२ मध्ये कायदा केला. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलना वैद्यकीय प्रमाणपत्र बंधनकारक झाले आणि जाहिरातीतील शरीराचा आकार संगणकावर बदलला असेल तर तसे छापणेही. २०१८ मध्ये मिस अमेरिकाने स्विमसूटची फेरी रद्द केली.

हे बदल गरजेचे होते, कारण त्यांनी मंचावरच्या मुलीचा जीव वाचतो. पाहणाऱ्या मुलीपर्यंत ते पोहोचत नाहीत. शिवाय आता मंचच खिशात आला आहे. २०२१ मध्ये फेसबुक कंपनीचे अंतर्गत दस्तऐवज उघड झाले. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराविषयी वाईट वाटत होते, त्यांतील ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते अधिक वाईट वाटते असे सांगितले होते, अशी नोंद त्यांत होती. कार्यक्रमाच्या चार क्रिया इथे सहज ओळखता येतात. फिल्टर म्हणजे कायापालट, लाइक म्हणजे मोजमाप, कॉमेंट म्हणजे निवाडा. बाद करण्याचे काम मात्र आता बाहेरच्या कोणाला करावे लागत नाही. मुलगी स्वतःच आपला फोटो काढून टाकते.

८. सारांश

मॉडेलिंग स्पर्धांच्या कार्यक्रमांनी सौंदर्याचा आदर्श निर्माण केला नाही. त्यांनी पारखण्याची रीत उघडी केली, तिला खेळाचे रूप दिले आणि दर आठवड्याला तिचा सराव करून घेतला. मंचावर निरनिराळ्या वर्णांच्या आणि आकारांच्या स्त्रिया आल्या, ही खरी प्रगती आहे. पण पारखणाऱ्याच्या अधिकाराला तिने हात लावला नाही. १९६८ च्या पहिल्या गटाचा प्रश्न म्हणून अजून शिल्लक आहे. पुढच्या वेळी आरशात किंवा फोनवर स्वतःचा फोटो पाहताना मनात एखादा शेरा उमटला, तर वर्गात मोजमापाविषयी जो प्रश्न विचारतो तोच विचारून पाहा : हे माप कोणी ठरवले आणि कशासाठी?

विचारासाठी प्रश्न

१. ७ सप्टेंबर १९६८ च्या दोन घटनांमागील मागण्यांत काय साम्य आणि काय फरक होता? आजच्या एखाद्या जाहिरातीत यांपैकी कोणती मागणी मान्य झालेली दिसते?

२. फिजीतील पाहणीवरून टीव्ही हे एकमेव कारण होते असा निष्कर्ष काढता येईल का? तसा निष्कर्ष काढण्यासाठी आणखी कोणती माहिती लागेल?

३. तुमच्या घरातील तीन पिढ्यांतल्या स्त्रियांशी बोला. त्यांचे शरीर प्रथम कोणी, कधी आणि कशासाठी पारखले, हे त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. नावे लिहू नका.